‘कोहिरन्स’: वही घेऊन पाहावा असा चित्रपट

जेम्स वॉर्ड बर्किट यांचा ‘कोहिरन्स’ हा चित्रपट मी दोनदा पाहिला. पहिल्या वेळी खोलीतले दिवे मालवून नुसता प्रेक्षक म्हणून बसलो आणि तासाभरात वाट चुकलो. दुसऱ्या वेळी मांडीवर वही घेतली, पानाच्या डाव्या बाजूला आठ पात्रांची नावे लिहिली आणि कोण केव्हा घराबाहेर गेले, केव्हा परतले, परतताना त्याच्या हातात काय होते, याची नोंद करत राहिलो. वाण्याच्या खातेवहीसारखी दिसणारी ती चार पाने पुढ्यात ठेवूनच हे परीक्षण लिहीत आहे, कारण या चित्रपटाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते मला त्या पानांनीच दाखवून दिले. गूढ चित्रपटांचा हिशेब शेवटी बहुधा जुळत नाही, आणि त्याचे खापर आपण गूढतेच्या माथी फोडून मोकळे होतो. इथे हिशेब जुळतो. तो जसजसा जुळू लागतो तसतशी भीती वाढत जाते, आणि हे मला या प्रकारच्या चित्रपटात क्वचितच अनुभवायला मिळाले आहे.

कथेचा आरंभ अगदी घरगुती आहे. एका घरी आठ मित्रमैत्रिणी रात्रीच्या जेवणाला जमल्या आहेत. माइक आणि ली हे यजमान, ह्यू आणि बेथ हे दुसरे जोडपे, एम आणि केव्हिन हे तिसरे, आणि आमिर, जो आपल्याबरोबर लॉरीला घेऊन आला आहे. लॉरी ही केव्हिनची पूर्वीची प्रेयसी असल्यामुळे पहिला घास घेण्याआधीच टेबलावर अवघडलेपण येऊन बसले आहे. त्याच रात्री एक धूमकेतू पृथ्वीच्या जवळून जाणार असतो. मोबाइलच्या काचा आपोआप तडकतात, रेंज जाते आणि थोड्या वेळाने वीजही जाते. बाहेर सगळीकडे काळोख असताना थोड्या अंतरावरच्या एकाच घरात उजेड दिसतो. ह्यूचा भाऊ भौतिकशास्त्राचा जाणकार असून, काही विचित्र घडलेच तर मला लगेच फोन कर, असे त्याने ह्यूला बजावलेले असते. म्हणून ह्यू आणि आमिर फोन करण्यासाठी त्या उजेडाच्या घराकडे निघतात. ते परततात तेव्हा ह्यूच्या कपाळाला जखम झालेली असते आणि आमिरच्या हातात एक पेटी असते. त्या पेटीत या आठही जणांचे फोटो असतात आणि प्रत्येक फोटोच्या मागे एक आकडा लिहिलेला असतो.

इथवरचा भाग पहिल्या अर्ध्या तासातला आहे आणि तो सांगितल्याने रसभंग होणार नाही. शेवट मी कुठेही उघड करणार नाही, मात्र मध्यापर्यंतचा काही तपशील पुढे अटळपणे येईल. ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी तो आधी पाहून घ्यावा. ८९ मिनिटांचेच काम आहे.

चित्रपट २०१३ साली ऑस्टिन येथील ‘फँटॅस्टिक फेस्ट’ या महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचा खर्च ५०,००० डॉलर सांगितला जातो. तेव्हाच्या विनिमय दराने हे सुमारे ३० लाख रुपये होतात, म्हणजे एखाद्या बेताच्या मराठी चित्रपटाच्या मानानेही ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. बर्किट त्याआधी हॉलिवूडच्या अवाढव्य चित्रपटांसाठी प्रसंगचित्रे रेखाटण्याचे, म्हणजे स्टोरीबोर्डचे काम करत असत. जिथे एकेका दृश्यामागे शेकडो माणसे राबतात त्या कारखान्यातून बाहेर पडून त्यांनी उलट टोकाचा प्रयोग करायचे ठरवले. स्वतःचेच घर, मोजकी तंत्रज्ञ मंडळी, आठ नट आणि पाच रात्री एवढेच भांडवल होते. संवाद लिहिलेली संहिता नव्हती. बर्किट आणि ॲलेक्स मॅन्युगियन यांनी कथेची वळणे आधी दीर्घकाळ खल करून पक्की केली होती आणि ती बारा पानांच्या आराखड्यात बांधली होती. तो आराखडा मात्र नटांच्या हाती पडला नाही. प्रत्येकाला रोज फक्त आपापल्या पात्रापुरत्या सूचना मिळत: आज तुला अमुक गोष्ट सांगायची आहे, आज तू अमुक कारणाने अस्वस्थ आहेस. शेजारी बसलेल्या नटाच्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याला ठाऊक नसे, आणि रात्र कोणत्या दिशेने जाणार हेही ठाऊक नसे. मॅन्युगियन स्वतः आमिरची भूमिका करत असल्याने सगळे माहीत असलेला एकच माणूस टेबलावर होता, आणि गाडी रुळावरून घसरू लागली की बोलता बोलता तो ती हळूच मार्गावर आणी. अशा संहिताहीन चित्रपटाला त्याच महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते आणि तितकीच रास्तही.

एका घरात एका रात्रीत घडणारी गोष्ट मराठी प्रेक्षकाला नवी नाही. पडदा वर गेला की मध्यमवर्गीय दिवाणखाना, एका बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारे दार, दुसऱ्या बाजूला बाहेरचे दार आणि मधोमध सोफा, हे नेपथ्य पाहत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. अशा नाटकाचा सगळा खेळ बाहेरच्या दारातून कोण येणार यावर चालतो, आणि ‘कोहिरन्स’ही त्या दारावरच उभा आहे. फरक आहे तो तालमीचा. आपल्या नाटकातला नट महिनाभर तालीम करून दार वाजण्याची वाट पाहत असतो आणि वाजले की दचकल्याचा अभिनय करतो. इथे दार वाजणार आहे हे नटांना सांगितलेलेच नव्हते. दिवे जातात तेव्हा, दारावर थाप पडते तेव्हा, बाहेर काही फुटल्याचा आवाज येतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते दचकणे खरे आहे. त्यानंतरचा गोंधळ, म्हणजे एकाच वेळी तिघांचे बोलणे, चौथ्याचे भलत्याच वेळी हसणे, एखाद्याने उगाचच पाण्याचा पेला उचलून परत ठेवणे, हे कोणत्याही लेखकाने कागदावर लिहिले असते तर कृत्रिम वाटले असते.

अपुऱ्या पैशांवर केलेली ही चतुर मात आहे, असे कौतुक या चित्रपटाच्या वाट्याला नेहमी येते. ते मला पुरेसे वाटत नाही. या कथेचा विषयच मुळी अज्ञान हा आहे: समोरचा माणूस तोच आहे का, आपण ज्या घरात उभे आहोत ते तेच आहे का, हे कोणालाच ठरवता येत नाही. नटांनाही तेच ठाऊक नसणे ही पात्रांची स्थिती जशीच्या तशी निर्माण करण्याची युक्ती आहे, आणि शंभर माणसांचा ताफा, ठरलेले प्रकाशबिंदू व रोजच्या खर्चाचा ताण असलेल्या चित्रीकरणात ती वापरताच आली नसती. दहापट पैसे मिळाले असते तर हा चित्रपट बिघडला असता, असे मी जबाबदारीने म्हणतो.

आता वहीकडे वळतो. वीज गेल्यावर यजमान मेणबत्त्या आणि ग्लोस्टिकचा, म्हणजे मोडल्यावर चमकू लागणाऱ्या कांड्यांचा, डबा बाहेर काढतात. डब्यात वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या असतात, त्यांतल्या निळ्या फोडल्या जातात. काही वेळाने चौघे जण निळ्या कांड्या घेऊन बाहेर पडतात आणि काळोखात त्यांच्यासमोर चार आकृत्या उभ्या राहतात, हातात लाल कांड्या घेतलेल्या. दोन्ही बाजू क्षणभर थबकतात आणि उलट पावली पळतात. या प्रसंगात विशेष प्रकाशयोजना नाही, संगणकाने जोडलेली जुळी माणसे नाहीत, जेमतेम दिसणारे आकार आणि दोन रंग आहेत. तरीही त्या रात्री मी उठून घराच्या दाराची कडी तपासली हे कबूल केले पाहिजे. त्याआधीचा चिठ्ठीचा प्रसंगही असाच साधा आहे. पलीकडच्या घरातल्या लोकांसाठी एक चिठ्ठी लिहिली जाते आणि अगदी त्याच मजकुराची, त्याच अक्षरातली चिठ्ठी आपल्याच दारावर लावलेली सापडते. कागदाचा एक कपटा, एवढाच काय तो चमत्काराचा खर्च.

पहिल्यांदा पाहताना आपण पात्रांबरोबर असे समजून चालतो की निळे ते आपले आणि लाल ते परके. वहीत मीही दोनच रकाने आखले होते. दुसरे पान संपता संपता ते पुरेनात. कारण दोन घरांच्या मधला काळोखाचा पट्टा ओलांडून परत आलेला माणूस निघालेल्या घरीच परतला आहे याची हमी नाही, आणि परतलेल्याला स्वतःलाही ते कळत नाही. त्याच्या आठवणी त्याच आहेत, मित्र तेच आहेत, जेवणाचे टेबलही तेच आहे. फरक असलाच तर कपाळावर चिकटवलेली पट्टी वेगळी असेल किंवा खिशातल्या कांडीचा रंग वेगळा असेल. मग पात्रे खुणा ठरवू लागतात. फासे टाकून आकडे काढायचे, ते फोटोमागे लिहायचे, पेटीत घरातली एखादी वाटेल ती वस्तू ठेवायची, म्हणजे आपले घर ओळखता येईल. सुरुवातीला निरर्थक वाटलेली ती पेटी काय होती हे इथे उलगडते, आणि त्याच क्षणी हेही लक्षात येते की ही युक्ती आधीच कोणाला तरी, म्हणजे आपल्यालाच, दुसरीकडे कुठेतरी सुचलेली आहे. त्यानंतर मी आठ नावांसमोर टिंबे करत गेलो. तासाभराच्या सुमारास एम स्वतः हाच हिशेब मनात मांडते आणि खोलीत बसलेल्यांपैकी कोण मूळचे आहे हे मोजते. तिचा चेहरा आणि माझे पान यांत मेळ बसला तेव्हा अंगावर काटा आला. आकडा इथे सांगत नाही, तो ज्याने त्याने मोजावा.

विज्ञानाचा भाग चित्रपट फारसा ताणत नाही, पण त्याचे नाव तिथूनच आले आहे म्हणून थोडे सांगितले पाहिजे. एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ साली मांडलेला मांजराचा काल्पनिक प्रयोग बहुतेकांना ठाऊक असतो: बंद पेटीतले मांजर पाहिले जाईपर्यंत जिवंत आणि मेलेले अशा दोन्ही अवस्थांत आहे असे पुंजयांत्रिकीचे, म्हणजे सूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राचे, गणित सांगते. इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांबाबत अशी एकत्रित अवस्था प्रयोगांत खरोखर दिसते, कारण तिथे दोन शक्यतांमधला सुसंवाद, म्हणजेच कोहिरन्स, टिकून असतो. मोठ्या वस्तूंवर मात्र हवेचे रेणू, प्रकाश आणि उष्णता यांचा सतत मारा होत असल्याने हा सुसंवाद क्षणार्धात मोडतो आणि त्यामुळेच आपल्याला एका वेळी एकच मांजर दिसते. व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी २०१९ साली सुमारे २,००० अणूंच्या रेणूंमध्ये असा सुसंवाद टिकवून दाखवला, आणि ती मोठीच मजल मानली गेली. दोन हजार अणूंपासून आठ माणसे, एक घर आणि जेवणाचे टेबल इथवरचे अंतर किती आहे याची कल्पना कोणीही करू शकेल. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली सगळ्या शक्यता प्रत्यक्षात येतात आणि जग फांद्याफांद्यांनी वाढत जाते अशी मांडणी केली, पण त्यातही एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर चालत जाण्याची सोय नाही. चित्रपटाने हे एकच स्वातंत्र्य घेतले आहे: धूमकेतू जवळ असेपर्यंत फांद्या एकमेकींना टेकलेल्या राहतात. ते एकदा मान्य केले की पुढे नियम कुठेही मोडलेला नाही. विज्ञानकथेकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो.

धूमकेतूच का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. जेवताना एम एक गोष्ट सांगते. १९२३ साली फिनलंडवरून असाच धूमकेतू गेला तेव्हा लोकांना आपली घरे सापडेनात आणि घरातला पुरुष माझा नवरा नाही अशी तक्रार एका बाईने पोलिसांकडे केली. चित्रपटातला धूमकेतू जसा कल्पित आहे तशीच ही कहाणीही चित्रपटासाठी रचलेली आहे, पण ती खरी वाटते याला कारण आहे. १९१० साली पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून जाणार आणि त्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू आहे असे कळल्यावर लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या आणि धूमकेतूच्या विषावर उतारा म्हणून गोळ्याही विकत घेतल्या. त्याआधी दोन वर्षे, ३० जून १९०८ रोजी, सैबेरियातील तुंगुस्का भागात आकाशात झालेल्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवे केले, मात्र जमिनीवर विवर सापडले नाही, आणि तिथे पहिली शास्त्रीय मोहीम पोहोचायला १९२७ साल उजाडले. एकोणीस वर्षे एखादी घटना अशी उघड्यावर पडून राहिली की तिच्याभोवती तर्कांचे रान माजते. आपल्याकडेही शेंडेनक्षत्र दिसले की राजाला धोका, हे भाकीत पिढ्यान्पिढ्या चालत आले. बर्किट यांनी जुन्या भयाला नवी कारणमीमांसा जोडली आहे, आणि ती मोजक्या वाक्यांत आटोपती घेतली आहे.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली अशा जगात प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे जाऊन पोहोचतात, आणि परतल्यावर त्यांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचे एक फाटलेले पान पुरावा म्हणून उरते. पेटीतले फोटो पाहताना मला ते पान आठवले. पण दोन्ही कथांतला फरक अधिक बोलका आहे. गंगाधरपंतांचे दुसरे जग इतिहासाइतके वेगळे आहे, म्हणून आपण परक्या ठिकाणी आहोत हे त्यांना मुंबईत उतरताच कळते. ‘कोहिरन्स’मधली जगे केसाएवढ्या फरकाने वेगळी आहेत. तिथे लढाई कोणी जिंकली नाही वा हरली नाही, एका मित्राने एक पेग जास्त घेतला एवढेच. अशा जगातून परत कुठे जायचे आणि कशासाठी, हा प्रश्न नारळीकरांच्या प्राध्यापकांना पडण्याचे कारण नव्हते. एमला तो पडतो.

एम हे पात्र या चित्रपटाचा कणा आहे. एमिली फॉक्सलर, ज्या आता एमिली बाल्डोनी या नावाने ओळखल्या जातात, त्यांनी ते फार संयमाने उभे केले आहे. एम नर्तिका आहे. निर्णय घ्यायला उशीर केल्यामुळे एक मोठी संधी तिच्या हातून गेली आणि ती घेणारी दुसरी स्त्री नावारूपाला आली. ही हकिकत ती हसत हसत सांगते, पण बोलताना नजर कुठे ठेवावी ते तिला कळत नाही. केव्हिन कामासाठी काही महिने व्हिएतनामला निघाला आहे, तिने बरोबर यावे असे त्याला वाटते, आणि इथेही तिचे उत्तर अजून तयार नाही. पहिल्या वेळी मला ही सगळी माहिती पात्राला खोली देण्यासाठी घातलेली ठराविक भर वाटली होती. ती तशी नाही. जिने प्रत्येक फाट्यावर थांबून वेळ घालवला, तिच्यासमोर एका रात्रीत सगळे फाटे उघडे टाकले तर ती काय करेल, हा कथेचा खरा प्रश्न आहे, आणि शेवटची वीस मिनिटे त्याला वाहिलेली आहेत. तोवर आठ जणांचा असलेला चित्रपट तिथे एकटीचा होतो. ती घरामागून घर ओलांडत खिडक्यांतून आत पाहत जाते तो भाग जवळपास निःशब्द आहे. काहींना हा बदल खटकेल, कारण हिशेबाची गंमत मागे पडते आणि घटनांना हिंसेचा रंग येतो. मला तो चित्रपटाचा सर्वांत धीट भाग वाटला.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. हातात धरलेला कॅमेरा सतत हलतो, चेहरा धूसर होऊन परत स्पष्ट होतो आणि टेबलाभोवती फिरताना तो कोणाच्या तरी पाठीवर जाऊन अडखळतो. नट कधी काय बोलणार हेच ठरलेले नसल्याने छायाचित्रकाराचा नाइलाज होता, तरीही पहिली पंधरा मिनिटे डोळ्यांना त्रास होतो आणि कोण कोणाचा जोडीदार हे समजेपर्यंत टेबलावरचे अर्धे बोलणे निसटते. ह्यूच्या भावाच्या टिपणांसह असलेले भौतिकशास्त्राचे पुस्तक नेमके गाडीत सापडणे ही उघड सोय आहे. बेथच्या घरगुती औषधात गुंगी आणणारे द्रव्य मिसळले होते की काय, हा संशय थोडा वेळ खेळवून सोडून दिला जातो. त्यामुळे सगळा भ्रम असावा अशी पळवाट प्रेक्षकाला दिसते आणि लगेच बंदही होते. लॉरीचे पात्र पूर्वीची प्रेयसी यापलीकडे वाढत नाही. लीच्या भूमिकेतील लोरीन स्काफारिया या स्वतः दिग्दर्शिका आहेत, आणि गोंधळात सगळ्यांना धरून ठेवणारी यजमानीण त्यांनी मोजक्या हालचालींत दाखवली आहे. त्यांच्या वाट्याला अधिक काही यायला हवे होते. निकोलस ब्रेंडन यांचा माइक मात्र लक्षात राहतो. दारूचे जुने व्यसन असलेला हा माणूस पलीकडच्या घरात आपणच आहोत हे कळताच सर्वांत आधी घाबरतो, कारण आपण काय करू शकतो हे त्याला पक्के ठाऊक आहे. त्याचे ते तर्कट ऐकताना हसूही येते आणि पोटात गोळाही येतो.

एक तक्रार माझ्या आईची आहे, आणि ती इतकी बिनतोड आहे की नोंदवलीच पाहिजे. पहिल्या वेळी ती मागे बसून थोडा वेळ चित्रपट पाहत होती. ग्रहणात बाहेर पडू नये एवढे तरी यांना कोणी शिकवले नाही का, दार लावून उजाडेपर्यंत गप्प बसायला काय होते, असे म्हणून ती झोपायला गेली. चित्रपटातही कोणीतरी घरातच थांबण्याची गोष्ट बोलून दाखवतो. कोणी ऐकत नाही, आणि ऐकले असते तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता. तरीही एवढे म्हणता येईल की प्रत्येक वेळी बाहेर पडणाऱ्याचे कारण त्या पात्राच्या स्वभावातून आलेले आहे: कोणाला फोन करायचा आहे, कोणाला पुस्तक हवे आहे, कोणाला आपले जुने पाप झाकायचे आहे.

पाहण्याबाबत थोडे व्यवहाराचे. हा चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर पाहू नये. कांड्यांचे रंग, फोटोमागचे आकडे आणि टेबलावरच्या वस्तू हेच इथले पुरावे आहेत आणि छोट्या पडद्यावर ते हरवतात. संवाद एकमेकांवर चढलेले असल्याने इंग्रजी उत्तम समजणाऱ्यांनीही उपशीर्षके सुरू ठेवावीत, मात्र एका वेळी दोघे बोलत असतील तेव्हा उपशीर्षकांत एकाचेच बोलणे दिसते हे ध्यानात असू द्यावे. झलक आधी पाहू नये. घरच्या लहान मुलांसाठी हा चित्रपट नाही. आणि पहिल्या वेळी वही घेऊ नये, घ्यायची तर दुसऱ्या वेळी घ्यावी. पहिल्या वेळी प्रेक्षकाने हरवणेच योग्य, कारण खोलीतले आठही जण तेव्हा हरवलेले असतात. दृश्य मध्येच तुटून पडदा क्षणभर काळा होण्याचे प्रकार या चित्रपटात वारंवार घडतात. प्रत्येक काळोखानंतर आपण आधीच्याच घरात परतलो आहोत का, ही शंका दुसऱ्या वेळी मला आली आणि तिने सगळी रात्र पोखरली. दिग्दर्शकाच्या मनात ते होते असा माझा दावा नाही. वहीत मी त्यासाठी एक वेगळा रकाना आखला आणि तो भरता आला नाही.

माझ्या नोंदींची सुरुवात वीज गेल्यापासून आहे, त्याआधीची मिनिटे मी मोजलीच नव्हती. त्या मिनिटांत एक छोटासा संवाद आहे. माइक हा नट असून ‘रॉसवेल’ या दूरचित्रवाणी मालिकेत आपण काम केल्याचे तो लॉरीला सांगतो. लॉरीने ती मालिका आवडीने पाहिलेली असते, पण हा त्यात असल्याचे तिला काही केल्या आठवत नाही. सगळे हसतात आणि विषय बदलतो. ब्रेंडन प्रत्यक्षात त्या मालिकेत नव्हते, त्यांची ओळख त्याच काळातल्या दुसऱ्या एका गाजलेल्या मालिकेमुळे आहे, तेव्हा ही नटमंडळींची आपापसातली थट्टा असावी असे मानून मी पुढे गेलो होतो. आता तिसऱ्या वेळी पाहीन तेव्हा वहीचे पहिले पान दिवे जाण्याच्या आधीपासून, जेवणाच्या टेबलापासून सुरू करणार आहे.